घरी कोण असतं

फ्रिजवर कागद लावलाय रेवाने,
ब्लॅकपूलच्या टॉवरचं चुंबक, त्याचा एक कोपरा उडालेला.
लॅब्राडोर. कॉकर स्पॅनियल. कॉकापू.
पुढे रकाने: केस गळतात का,
खातो किती, भुंकतो किती,
आणि शेवटी, शाईने, ‘आईला चालेल का’.
तो रकाना वरपासून खालपर्यंत कोरा.

निशिकांतचं म्हणणं, लॅब्राडोरच.
सगळे घेतात ते उगाच घेत नाहीत.
गाडी त्याने अशीच घेतली होती,
स्टॉकपोर्टमधलं हे घरही,
रांगेतलं सातवं, आधीच्या सहांसारखं.
रेवाच्या वर्गात चार लॅब्राडोर आहेत,
एक तर रोज फाटकापर्यंत सोडायला येतो.
फ्रेंच बुलडॉग मी खोडला.
श्वास घेताना कष्ट पडतात त्याला,
आणि घोरणारा एक आहे घरात.

बाकी मी काही बोलत नाही.
माझ्या बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं आहेत
संगमनेरच्या सरकारी दवाखान्यातली.
खूण एकही उरली नाही, तरी मोजता येतात.
चावला त्याला जात नव्हती.
गावठी, एवढंच म्हणायचे, आणि दगड उचलायचे.
त्याआधी वर्षभर मीच त्याला पोळी टाकत होते
हे या घरात कोणाला सांगितलेलं नाही.

रविवारी ग्लॉसपला गेलो, बघायला.
बघायलाच:
निशिकांतने इस्त्रीचा शर्ट घातला,
बारा वर्षांच्या रेवाने दोन वेण्या घालून घेतल्या.
मिसेस एंटविसलनी चहा आणला, बिस्किटं आणली,
मग प्लास्टिकच्या पाकिटातून वंशावळ,
पाच पिढ्या, आजोळ-पणजोळासकट,
कंबरेचे एक्स-रे, डोळ्यांचे दाखले.
निशिकांत चष्मा लावून वाचत राहिला.
लग्नात पत्रिका पाहायची नाही म्हणून
वडिलांशी दोन वर्षं अबोला धरलेला माणूस
ओळीवर बोट ठेवून विचारतो,
आईकडचं घराणं कसं आहे?
मी बिस्किट चहात बुडवलं. ते आतच पडलं.

बाईंनी कागद मिटले.
म्हणाल्या, आता माझे प्रश्न.
कामाला कोण जातं? दोघंही?
पावसात फिरवणार कोण?
घरी कोण असतं?

म्हणजे पसंती आम्ही करत नव्हतो.
निशिकांतने घरून काम करायचे दोन दिवस तीनदा सांगितले.
मी हॉस्पिटलातल्या पाळ्या सांगितल्या,
एक रात्रपाळी गाळून.
रेवाने माझ्याकडे पाहिलं.

तेवढ्यात पिल्लांची आई उठली.
पोट लोंबतं, चाल थकलेली.
सहा तोंडं तशीच सोडून ती आली,
रेवाकडे नाही, सरळ माझ्याकडे,
आणि मांडीवर हनुवटी ठेवून उभी राहिली.
सगळं वजन तिथे.
माझे दोन्ही हात वर, पोलिसांनी पकडल्यासारखे.
किती वेळ, कोण जाणे. मग एक खाली आला.
कान गरम होता,
फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या भाकरीसारखा.

कळवते, म्हणाल्या मिसेस एंटविसल.
कळवते म्हणजे काय
ते आम्हा दोघांना चांगलं माहीत होतं.
गाडीत वायपरच तेवढा बोलत होता.

बुधवारी सकाळी, गाळलेल्या पाळीवरून परतले,
तर फ्रिजवरचा कागद उलटा लावलेला.
मागच्या बाजूला नवे रकाने, सोमवार ते रविवार,
डावीकडे तास.
वर ठळक, ‘घरी कोण असतं’.
बाबा, दोन ठिकाणी.
आई, पुसून पुन्हा लिहिलेली,
आणि पुढे बारीक अक्षरात, झोपलेली.
साडेतीन ते सहाच्या चौकोनांत
पाचही दिवस एकच नाव,
रेवा, रेवा, रेवा,
हिरव्या पेनाने, जरा घाईघाईत,
जणू एवढी जागा पुरेल का
हेच तिला कोणीतरी विचारणार होतं.